सायकल खड्ड्यात आपटली, आता भरपाई कुणाकडं मागायची? बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी

व्हॉट्सअपवर फिरणारा तो मेसेज तुम्हालाही आला असेल. खड्ड्यात पडून जखमी झालात तर ५० हजार ते अडीच लाख, जीव गेला तर घरच्यांना ६ लाख. मेसेज खोटा नाही, १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई हायकोर्टानं तसा आदेश दिलाय. पण तो महाराष्ट्रातला. बेळगावातनं वेंगुर्ला रोडनं हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत गेलात की शिनोळी लागते, तिथनं पुढं पडलात तर त्या आदेशाची कॉपी अर्जाला जोडा, बाचीच्या अलीकडं पडलात तर ती कॉपी घरातच ठेवा. मराठी पेपरात छापून आलं म्हणजे ते आपल्यालाही लागू झालं असं वाटतंय खरं, पण आपल्या सीमाभागात तसं होत नाही, हे काय नवीन सांगायला नको.

आपल्याकडं वेगळं आहे. कर्नाटक हायकोर्टानं जुलै २०१९ मध्ये बेंगळुरूच्या खड्ड्यांच्या केसमध्ये सांगितलं की धड रस्ता मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे आणि खराब रस्त्यामुळं इजा झाली तर पालिकेकडं भरपाई मागता येते. केस बेंगळुरू पालिकेची होती, पण तत्त्व म्हणून बेळगावातल्या अर्जातही त्याचा उल्लेख करायला हरकत नाही. फक्त अमुक हाड मोडलं तर अमुक हजार असा रेट मनात धरून बसू नका, जेवढा खर्च झाला तेवढा कागदानिशी मागायचा.

हे सगळं मी स्वतः एकदा करून बघितलंय. उद्यमबागेत कामाला आहे, सायकलनं जातो, सकाळची शिफ्ट, पाऊस, पाण्यानं भरलेला खड्डा, पुढचं तुम्हाला माहीतच आहे. रस्त्याचं आणि खात्याचं नाव लिहीत नाही, प्रकरण मिटलंय. पण कुठं चुकलो ते सांगतो, म्हणजे तुमचं तेवढं तरी वाचेल.

पडल्यावरचा पहिला अर्धा तास

आधी बाजूला व्हा. फोटो नंतर. रस्त्याच्या मधोमध बसून खड्ड्याचा फोटो काढताना मागनं टिप्पर आला तर भरपाई घ्यायला तुम्ही राहणार नाही.

मग खड्डा जसा आहे तसा, पाण्यासकट, फोटो काढा. पाणी हा आपल्या बाजूचा पुरावा आहे, कारण समोरचा पहिला प्रश्न हाच टाकणार की एवढा मोठा खड्डा दिसला नाही काय? पाण्यानं भरलेला खड्डा आणि नुसतं साचलेलं पाणी सायकलवरनं सारखंच दिसतंय, ते फोटोत दिसलं की बोलायची गरज राहत नाही. त्यानंतर खोली. माझ्याकडं टेप नव्हती, फ्रेमला लावलेला छोटा हातपंप होता, तो काढून खड्ड्यात उभा केला, निम्म्याच्या वर आत गेला, तसाच फोटो काढला आणि घरी येऊन पंप मोजला, ९ इंच, आणि ओला झालेला भाग ५ इंच. हा एक फोटो पुढं सगळ्यात जास्त कामाला आला. पंप नसेल तर पाण्याची बाटली, चप्पल, काहीही चालतंय, पण ती वस्तू नंतर मोजता आली पाहिजे.

एक फोटो लांबनं काढा ज्यात दुकानाचा बोर्ड, देऊळ, खांब, काहीतरी ओळखीचं येईल. नाहीतर खड्ड्याचा फोटो म्हणजे काय, सगळे खड्डे सारखेच. फोटो काढताना मोबाईलचं लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फोटो डिलीट करू नका, कारण व्हॉट्सअपवरनं पाठवलेल्या फोटोतली तारीख-लोकेशनची माहिती गळून जाते आणि पुढं कोण म्हणालं की हा फोटो कधीचा, तर मूळ फाईलच दाखवायला लागते. सायकलचाही फोटो तिथंच काढा, रस्त्यासकट.

उचलायला जो आला त्याचं नाव, नंबर घ्या. चहाच्या गाड्यावरचा माणूस सगळ्यात चांगला साक्षीदार, तो रोज तिथंच असतो आणि त्यानं तुमच्या आधी पडलेले चारजण पण बघितलेले असतात. समोरच्या दुकानात कॅमेरा असेल तर त्याच दिवशी जाऊन गोडीनं क्लिप मागा, आठवडाभरानं गेलात तर जुनं पुसून नवीन चढलेलं असतं.

आणि हे सगळं त्याच दिवशी. उद्या येतो म्हणून गेलात तर उद्या तिथं मुरूम टाकलेला असेल. गणपतीच्या आधी आणि डिसेंबरात बेळगावात भरणाऱ्या विधिमंडळ अधिवेशनाच्या आधी तर रातोरात पॅचवर्क निघतंय, चांगलीच गोष्ट आहे, पण तुमचा पुरावा त्याच डांबराखाली जातो.

दवाखाना, पोलीस

खरचटलंय म्हणून हळद लावून घरी बसू नका. केसपेपर काढा, सरकारी दवाखान्यात काढलात तर उत्तम, आणि डॉक्टर कसं लागलं विचारतील तेव्हा नुसतं पडलो म्हणू नका, अमुक रस्त्यावर खड्ड्यात सायकल जाऊन पडलो असं सांगा आणि तसंच लिहिलंय का ते बघून घ्या. माझ्या पहिल्या केसपेपरवर नुसतं सायकलवरनं पडले एवढंच होतं, ते दुरुस्त करून घ्यायला परत एक दिवस गेला.

जास्त लागलं असेल तर पोलीस स्थानकात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या. खड्डा चुकवताना एखाद्या गाडीनं ठोकरलं असेल तर विषयच वेगळा, तिथं त्या गाडीच्या इन्शुरन्सवर मोटार अपघात न्यायाधिकरणात क्लेम लागतो, मग पोलीस रेकॉर्ड हवंच. आणि मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं असेल तर मोटार वाहन कायद्यात २०१९ ला घातलेलं कलम १९८ए आहे, रस्ता बांधणाऱ्या-राखणाऱ्याला १ लाखापर्यंत दंड, असल्या प्रकरणात हा लेख वाचून स्वतः अर्ज करत बसू नका, सरळ वकील गाठा.

कामावर जाता-येता पडला असाल आणि तुमच्या पगारातनं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापत असतील तर तिकडंही कळवा. घर ते कारखाना या वाटेवरचा अपघात ईएसआय धरते, फक्त वेळ आणि रस्ता यांचा कामाशी संबंध दिसला पाहिजे. उद्यमबाग, मच्छेकडच्या कितीतरी कामगारांना हे माहीतच नाही.

खड्डा कुणाचा?

सगळ्यात जास्त अर्ज इथंच मरतात. आपण महापालिकेला लिहितो, दोन महिन्यांनी उत्तर येतं की सदर रस्ता आमच्या अखत्यारीत नाही. झालं, दोन महिने गेले. म्हणून अर्ज लिहायच्या आधी रस्त्याचा मालक शोधा.

गावाबाहेर सोपं आहे, किलोमीटरचा दगड बघायचा. डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, काळं किंवा निळं असेल तर जिल्हा रस्ता, केशरी असेल तर खेड्यातला, पंतप्रधान ग्राम सडक योजनेतला वगैरे. ग्राम सडकच्या रस्त्यावर सुरुवातीला मोठा बोर्ड असतो, त्यावर कंत्राटदार आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते, ही देखभाल ५ वर्षं कंत्राटदाराच्याच गळ्यात असते, तर त्या बोर्डाचाही फोटो काढून ठेवा. आपल्या भागातला ४८ नंबर म्हणजे पुणे-बेंगळुरू आणि ७४८ म्हणजे खानापूरवरनं गोव्याकडं जाणारा, हे राष्ट्रीय महामार्ग, त्यांची तक्रार १०३३ नंबरवर करा आणि तक्रार नंबर लिहून घ्या. महामार्गाच्या सर्व्हिस रोडवर पडलात तरी आधी तिथंच विचारा, शेजारी गाव आहे म्हणून तो रस्ता ग्राम पंचायतीचा होत नाही.

शहरात मात्र दगड बघून कळत नाही. गल्लीबोळ आणि वॉर्डातले रस्ते सहसा महापालिकेचे, पण काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम खात्याकडं असतात, कन्नड बोर्डावर लोकोपयोगी इलाखे असं लिहिलेलं दिसलं की ते हेच खातं. कॅम्पात गेलात तर कॅन्टोन्मेंट बोर्ड, म्हणजे केंद्र सरकारच्या संरक्षण खात्याखालचं, तिथं महापालिकेचा काहीच संबंध नाही, तक्रार ई-छावणी पोर्टलवर जाते. एकाच फेरीत टिळकवाडीतनं निघून कॅम्पातनं हिंडलग्याला पोचेपर्यंत रस्त्याचे तीन-चार मालक बदलतात आणि सायकलवाल्याला कळतंय ते एवढंच की हादरे कुठंच कमी झाले नाहीत.

आणखी एक भानगड म्हणजे खोदकाम. पाण्याची पाईप, गॅस, केबल, यांच्यासाठी चर खणलेला, वरनं माती लोटलेली, पहिल्या पावसात खचलेली. तिथं खणणारा आणि रस्त्याचा मालक, दोघांनाही पत्र द्या. परवानगी कुणी दिली, परत बुजवायची जबाबदारी कुणाची, ते दोघं आपापसात ठरवतील, आपण एकालाच धरलं तर तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो.

खानापूरला पट्टण पंचायत आहे, अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे, निपाणीला नगरपालिका, तिथं पौरायुक्त, खेड्यात ग्राम पंचायतीचा पीडीओ, म्हणजे पंचायत विकास अधिकारी. बेळगाव महापालिका १९७६ च्या कर्नाटक महानगरपालिका कायद्यावर चालते, नगरपालिका आणि पट्टण पंचायती १९६४ च्या वेगळ्या कायद्यावर, म्हणून दुसऱ्याच्या अर्जाची कॉपी मारताना कायद्याचं नाव बदलायला विसरू नका.

तरीही कळलं नाही तर माहिती अधिकार. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, आणि कर्नाटकात अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत पाहिजे, महाभारत लिहिलंत तर परत येतो. चार गोष्टी विचारा: हा रस्ता कुणाच्या ताब्यात, शेवटची दुरुस्ती कधी आणि कुणी केली, दोष दुरुस्तीची मुदत (म्हणजे रस्ता बिघडला तर कंत्राटदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत) कधीपर्यंत, आणि गेल्या सहा महिन्यांत या ठिकाणच्या खड्ड्याबद्दल किती तक्रारी आल्या. चुकीच्या ऑफिसात गेला तर त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायचा असतो, म्हणजे मालक आपोआप सापडतो. उत्तराला ३० दिवस. चौथा प्रश्न सोडू नका, आधीच तक्रारी आल्या होत्या आणि तरीही बुजवला नाही असं कागदावर आलं की आम्हाला खड्डा माहीतच नव्हता हे म्हणायची सोय राहत नाही. माझ्या केसमध्ये आधीच्या तीन तक्रारी निघाल्या, त्यातली एक त्याच चहावाल्याची.

आकडा कसा काढायचा

सायकलवाल्याकडनं पक्की पावती घ्या, कच्च्या चिठ्ठीवर रिपेरी २३५० असं लिहून आणलं तर कोण विचारत नाही. पावतीवर काय काय झालं ते सुटं सुटं पाहिजे, पुढची रिम बदलली, तारा भरल्या, चिमटा वाकला होता तो बदलला, मजुरी इतकी. नुसता आऊट काढून, म्हणजे वाकडी रिम तारा ताणून सरळ करून, भागणार असेल तर नवीन रिमचे पैसे लावू नका, समोरचा इंजिनिअर पण लहानपणी सायकलच चालवून मोठा झालाय. काढलेली वाकडी रिम भंगारात देऊ नका, प्रकरण संपेपर्यंत माळ्यावर टाका.

दवाखान्याची बिलं, औषधं, एक्सरे, रिक्षा. चष्मा किंवा मोबाईल फुटला असेल तर त्याचंही. बुडालेल्या दिवसांचा पगार मागायचा तर कंपनीचं पत्र पाहिजे की अमुक दिवस गैरहजर, अमुक कापले.

अर्ज

भाषेचा प्रश्न सगळे विचारतात. घटनेच्या कलम ३५० प्रमाणं तक्रारीचा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, तेव्हा मराठीत दिला म्हणून कुणी नाकारू शकत नाही. हा हक्क आहे आणि तो वापरावा. पण पैसे लवकर पाहिजे असतील तर माझं मत विचाराल तर मराठी अर्जाला कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, टेबलावरच्या क्लार्कला वाचता आला की फाईल हलते. कन्नडमध्ये खड्ड्याला गुंडी म्हणतात आणि भरपाईला परिहार, एवढे दोन शब्द काउंटरवर बोललात तरी तुम्ही कशासाठी आलाय ते कळतंय.

मजकूर साधारण असा:

"मी, (नाव, पूर्ण पत्ता), दि. … रोजी सकाळी … वाजता … रस्त्यावरून सायकलने जात असताना … दुकानासमोरील, पाण्याने भरलेल्या, सुमारे … फूट लांब व … इंच खोल खड्ड्यात पडलो. तेथे बॅरिकेड, फलक किंवा दिवा नव्हता. या खड्ड्याबद्दल यापूर्वीही तक्रारी झालेल्या आहेत. रस्ता सुस्थितीत न ठेवल्यामुळे माझे पुढीलप्रमाणे नुकसान झाले: सायकल दुरुस्ती रु. …, औषधोपचार रु. …, बुडालेली मजुरी रु. …, एकूण रु. …. ही रक्कम ६० दिवसांत द्यावी, अन्यथा दिवाणी दावा दाखल करीन. हा अर्ज कर्नाटक महानगरपालिका कायदा १९७६, कलम ४८२ खालील नोटीस समजावा."

शेवटची ओळ महत्त्वाची. महापालिकेवर दावा लावायच्या आधी ६० दिवसांची नोटीस लागते, आणि त्यात कारण, मागणी, नाव-पत्ता हे सगळं असावं लागतं. ती ओळ नसेल तर तुमचा कागद नुसता तक्रार अर्ज राहतो आणि पुढं कोर्टात जायचं म्हटलं की परत पहिल्यापासून. सार्वजनिक बांधकाम खातं म्हणजे राज्य सरकार, तिथं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८० लागतं, दोन महिन्यांची नोटीस, आणि ती जिल्हाधिकाऱ्यांच्या ऑफिसात देता येते, म्हणजे चन्नम्मा चौकापलीकडं जायची गरज नाही.

दोन प्रती न्या, एकीवर इनवर्ड नंबर, तारीख, शिक्का घ्या. साहेब नाहीत, ठेवून जावा म्हणाले तर ठेवून जाऊ नका, स्पीड पोस्टनं पोचपावतीसह पाठवा. सोबत १९०२ वर जनस्पंदनलाही तक्रार टाका, त्यानं पैसे मिळत नाहीत पण खड्डा बुजतो आणि एक नंबर हातात येतो. मूळ बिलं देऊ नका, झेरॉक्स द्या. हे सांगायला लागतंय कारण देणारे देतात.

माणूस घरी येतो तेव्हा

माझ्या नोटिशीला लेखी उत्तर आलंच नाही. पंधरा दिवसांनी संध्याकाळी कंत्राटदाराचा माणूस आला, बोलायला चांगला, चहा घेतला, म्हणाला कशाला कोर्ट-कचेरी मामा, हे घ्या दीड हजार आणि इथं सही करा. कागदावर कन्नडमध्ये चार ओळी. मी मुलीला वाचायला लावल्या, ती कन्नड मीडियमची, म्हणाली बाबा यात लिहिलंय की यापुढं कुठलीच मागणी करणार नाही आणि चूक माझीच होती. पैसे आणि कागद दोन्ही परत दिले. तेव्हा खांदा अजून वर होत नव्हता, एक्सरे दुसऱ्यांदा काढायचा होता. दुखणं संपेपर्यंत, डॉक्टर शेवटचं बस म्हणेपर्यंत, कसल्याच अंतिम कागदावर सही नको. आणि न वाचता तर कधीच नको.

ते तुमचीच चूक काढणार हेही धरून चाला. ब्रेक होता काय, लाईट होता काय, मोबाईलवर बोलत होता काय. रात्री पडला असाल तर सायकलला दिवा आणि मागं रिफ्लेक्टर होता हे फोटोत दिसू द्या. थोडी चूक तुमची निघाली तर तेवढी रक्कम कापतात, सगळी जात नाही.

पुढं कोर्ट

४-५ हजारासाठी सरळ दिवाणी दावा लावणं मला तरी परवडलं नसतं. त्याऐवजी जिल्हा कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकार आहे तिथं जा. दावा लावायच्या आधीच लोक अदालतीत प्रकरण ठेवायचा अर्ज देता येतो, कोर्ट फी नाही, दोन्हीकडच्यांना बोलावतात, तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकुमासारखाच आणि त्यावर अपील नाही. बायका, अनुसूचित जाती-जमाती, कारखान्यातले कामगार, अपंग, कमी उत्पन्नवाले यांना वकीलही फुकट मिळतो, चौकशीला १५१०० नंबर आहे. ग्राहक कोर्टात जायला काहीजण सांगतात, पण आपण भरलेली घरपट्टी म्हणजे रस्ता विकत घेतल्याचे पैसे असं धरत नाहीत, तेव्हा तिकडं वेळ घालवू नका.

मोठी दुखापत असेल तर मात्र दावा किंवा हायकोर्टात रिट, आपलं खंडपीठ धारवाडला, आणि त्यासाठी वकील लागणारच. मुदतीचं म्हणाल तर पडल्या दिवसापासून सहा महिन्यांत नोटीस, ६० दिवस आणि दावा, सगळं आटपायचं असा हिशेब ठेवा. ऊस तुटल्यावर बघू, लग्नसराई झाल्यावर बघू असं म्हटलंत की संपलं.

माझं सात महिन्यांनी लोक अदालतीत मिटलं. मागितले होते ५०९०, सायकलचे २३५०, दवाखान्याचे १६४०, दोन दिवसांच्या पगाराचे ११००. समोरच्या वकिलानं पंपाचा फोटो बघितला, तीन जुन्या तक्रारींचा कागद बघितला आणि सायकल-दवाखान्यावर काहीच बोलला नाही, ते ३९९० पूर्ण मिळाले. पगाराचं कंपनीचं पत्र कुठाय म्हणून विचारलं, ते नव्हतं. सुपरवायझर दोनदा म्हणाला होता ऑफिसातनं घेऊन जा, मीच गेलो नाही.